माद्रीना होण्याचा शब्द दिला होता. आता काय करू?

पुण्याच्या एका वाचक भगिनींचे पत्र, थोडे आटोपशीर करून:

«यजमानांच्या नोकरीनिमित्त आम्ही 2012 ते 2017 मेक्सिकोतील केरेतारो शहरात राहिलो. शेजारच्या सेन्योरांनी माझ्या आठ महिन्यांच्या मुलीला स्वतःच्या नातीबरोबर सांभाळले. माझी मुलगी त्यांना 'आबुएलिता', म्हणजे आजी, म्हणायची. त्यांचे यजमान दुपारच्या कॉफीबरोबर माझे बेसनलाडू मागून घेत. आम्ही निघालो तेव्हा सेन्योरांनी सहा वर्षांच्या नातीला पुढे करून, 'हिच्या किन्सेआन्येराला तू माद्रीना व्हायचंस', म्हणजे पंधराव्या वाढदिवसाच्या सोहळ्यात धर्ममाता, असे म्हटले, आणि मी रडत रडत 'हो' म्हणाले. पुढे दोन वर्षे संदेशांची देवाणघेवाण चालली, मग ती थांबली. आता ऑक्टोबरमध्ये आम्ही पुन्हा केरेतारोला जात आहोत. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या लेकीने फेसबुकवर मला शोधून लिहिले की, मुलगी येत्या फेब्रुवारीत पंधरा वर्षांची होते आणि आईने विचारले आहे, तुम्हाला आठवते का? त्याच संदेशातून कळले की काका, म्हणजे सेन्योरांचे यजमान, 2021च्या जानेवारीत गेले. मी अजून उत्तर दिलेले नाही. यजमान म्हणतात, ही माणसे तोंडदेखले बोलतात, मनावर घेऊ नकोस, उगाच खर्च गळ्यात पडेल. शिवाय आम्ही हिंदू आणि शाकाहारी. चर्चमधल्या विधीत माझे काय काम? मला लाज वाटते आणि भीतीही वाटते.»

प्रिय ताई,

उत्तर द्या, आणि आजच द्या. काय लिहायचे ते पुढे सांगते. दोन महिने गप्प राहिल्यामुळे आता लिहिणे अवघड झाले आहे असे तुम्हाला वाटत असेल, परंतु केरेतारोत पोहोचल्यावर एखाद्या रविवारी ला क्रूसच्या बाजारात भाजी घेताना त्या सेन्योरा अचानक समोर उभ्या राहिल्या, तर जे वाटेल त्यापुढे आजचे अवघडलेपण काहीच नाही.

तुमच्या यजमानांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही, कारण त्यामागे अनुभव आहे आणि तो मलाही आला आहे. मी ग्वादालाहारा शहरात नऊ वर्षे राहिले, मग सहा वर्षे नाशिकला काढली आणि पुन्हा त्याच शहरात परतले. पहिल्या खेपेच्या सुरुवातीला माझीही समजूत अशीच झाली होती. मेक्सिकन माणूस स्वतःच्या घराचा पत्ता सांगतानासुद्धा 'सु कासा', म्हणजे 'आपलेच घर', असे म्हणतो, आणि ऐकणाऱ्या परक्याला क्षणभर कळत नाही की हा माझ्या घराविषयी बोलतो आहे की त्याच्या. शनिवारी जेवायला या म्हटले तर 'मोठ्या आनंदाने' असे उत्तर मिळते आणि शनिवारी कोणीही येत नाही. 'आओरिता' हे खरे तर 'आत्ता' या शब्दाचे लाडके, छोटेखानी रूप आहे, पण त्याचा अर्थ पाच मिनिटांपासून 'कधीच नाही' इथपर्यंत काहीही असू शकतो. नवख्या माणसाला हा सारा खोटेपणा वाटतो. तिथल्या लोकांना मात्र समोरच्याला तोंडावर 'नाही' म्हणणे हा त्या माणसाचाच अव्हेर वाटतो, आणि तो टाळण्यासाठी ते 'हो' म्हणतात. हे 'हो' निमंत्रणाला नसून निमंत्रण देणाऱ्या माणसाला असते. आपण जिना उतरता उतरता 'या एकदा घरी' म्हणतो तेव्हा त्यावर कोणी तारीख विचारत नाही, आणि कोणी कोणाला खोटारडेही ठरवत नाही.

मात्र त्याच समाजात दुसऱ्या जातीचा होकार असतो आणि तो ओळखण्याच्या खुणाही असतात. सौजन्याच्या बोलण्याला दिवस नसतो, वेळ नसते आणि साक्षीदार नसतात. खऱ्या बोलण्यात नेमके काम सांगितलेले असते, ते घरातल्या माणसांसमोर सांगितलेले असते आणि काही काळाने त्याची आठवण करून दिली जाते. तुमच्याच पत्रातला प्रसंग पाहा. त्या आजीबाईंनी नातीला पुढे उभे करून, कोणता समारंभ आणि त्यात तुमचे स्थान कोणते हे सांगून विचारले, आणि आठ वर्षांनी लेकीकरवी तुम्हाला शोधून काढून पुन्हा विचारले. याला तोंडदेखले म्हणता येणार नाही. थोडे कठोर वाटेल, पण ज्या होकाराबद्दल तुमचे यजमान त्या लोकांना बोल लावतात, तो होकार या एका प्रसंगात आपल्या बाजूने दिला गेला. तुम्ही खोटे बोललात असे मी म्हणत नाही. त्या क्षणी तुमचे रडू खरे होते आणि शब्दही खरा होता. फक्त तुम्ही तो निरोपाचा शब्द म्हणून दिलात आणि त्यांनी तो नात्याचा शब्द म्हणून ठेवून घेतला.

हे नाते काय आहे, हे नीट समजून घ्या, कारण तुमच्या बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्यातच आहेत. माद्रीना म्हणजे धर्ममाता आणि पाद्रीनो म्हणजे धर्मपिता, असे शब्दकोश सांगतो, पण मेक्सिकोत या नात्याचे वजन मुलापेक्षाही अधिक दोन्ही बाजूंच्या मोठ्या माणसांमध्ये असते. मुलीची आई आणि माद्रीना या एकमेकींच्या 'कोमाद्रे' होतात, आणि मग अडीनडीला, आजारपणात, नोकरी सुटल्यावर किंवा घरात मृत्यू झाल्यावर ज्या दाराशी न संकोचता जायचे, त्यांत कोमाद्रेचे दार येते. आपल्याकडे मानलेली बहीण असते, मानलेला भाऊ असतो. तिथे मानलेल्या नात्याला स्वतःचे नाव आहे, समारंभ आहे आणि कर्तव्येही आहेत. परक्या माणसाला कुटुंबात घेण्याची ही त्यांची फार जुनी रीत आहे, आणि तुमच्या यजमानांना वाटते तसा त्यात पैशाचा डाव नसतो.

मधल्या वर्षांच्या खंडाने ओळख पुसली जात नाही, याचा अनुभव एका मराठी माणसाला शंभर वर्षांपूर्वीच तिथे आला होता, आणि तुमच्या यजमानांना तो जरूर सांगा. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे गदर चळवळीच्या दिवसांत अमेरिकेत शिकत असताना त्यांची काही मेक्सिकन क्रांतिकारकांशी मैत्री झाली होती. पुढे अनेक देशांत वणवण करून 1920च्या दशकात ते मेक्सिकोत आले, तेव्हा त्याच जुन्या ओळखी त्यांच्या कामी आल्या आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांना अध्यापनाचे काम मिळाले. तिथे त्यांनी मक्यावर संशोधन केले आणि शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या चित्रकाराने मेक्सिको सिटीतील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर भाकरी वाटणारा जो माणूस रंगवला आहे, तो चेहरा खानखोज्यांचा आहे. ते पाहायला तुमच्या मुलीला एकदा जरूर घेऊन जा.

आता खर्चाविषयी. खर्च आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. किन्सेआन्येरा म्हणजे मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाचा सोहळा. आधी चर्चमध्ये कृतज्ञतेची प्रार्थना, मग सभागृहात जेवण, वॉल्ट्झ नृत्य, वडिलांनी मुलीच्या पायांतील सपाट चपला काढून उंच टाचांचे बूट घालणे, तिला बालपणाची शेवटची बाहुली देणे, आणि रात्री उशिरापर्यंत नाचगाणे. बेताच्या मिळकतीच्या घराला हे सारे एकट्याने झेपत नाही, म्हणून एकेक गोष्ट एकेका माद्रीना-पाद्रीनोकडे दिली जाते. कोणी केकची माद्रीना असते, कोणी बुटांची, कोणी अंगठीची, कोणी शेवटच्या बाहुलीची, कोणी पाहुण्यांना द्यायच्या छोट्या भेटींची. गाण्याबजावण्याचा पाद्रीनोही वेगळा असतो. त्यामुळे 'माद्रीना हो' या शब्दांचा अर्थ 'सगळा खर्च उचल' असा होत नाही. 'कशाची माद्रीना?' असे विचारणे तिथे अगदी रीतीला धरून आहे, आणि तुम्ही ते विचारायला हवे. लग्नातला आहेर आणि बायकांची भिशी या दोन्ही गोष्टी ज्यांना कळतात, त्या मराठी माणसांना हे समजायला जड जाऊ नये. भिशी तर तिथेही आहे. तिला 'तांदा' म्हणतात आणि ती अगदी आपल्यासारखीच चालते. आज तुमच्याकडून जाते ते उद्या दुसऱ्या कोणाकडून तुमच्या दारी येते.

परदेशी पगाराच्या माणसाकडून थोडी अधिक अपेक्षा असू शकते, हेही खरे आहे. त्या अपेक्षेला लोभ समजू नका, आणि तिच्यापुढे मान तुकवून 'हो' म्हणूनही मोकळे होऊ नका. घरी बसून यजमानांशी एक आकडा ठरवा, आणि त्यात बसेल अशी गोष्ट मनापासून स्वीकारा. वस्तू लहान असली तरी चालते. पाकिटात पैसे घालून मोकळे होणे मात्र चालत नाही. केकची माद्रीना मुलीला आणि तिच्या आईला घेऊन केक ठरवायला जाते, बुटांची माद्रीना बूट पायात घालून पाहायला सोबत जाते. अपराधी वाटते म्हणून सगळा सोहळा स्वतःच्या अंगावर घेण्याचा विचार मनात आला, तर तो दूर ठेवा. त्या घराला तुमचे उपकार नको आहेत. इतर माद्रीनांच्या रांगेत तुम्ही उभ्या राहाव्यात, एवढेच त्यांना हवे आहे.

धर्माची अडचण तुम्हाला वाटते तेवढी नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममाता कॅथलिक असावी लागते, परंतु किन्सेआन्येराची प्रार्थना हा बाप्तिस्म्यासारखा संस्कार नाही, आणि केक, बूट किंवा बाहुली यांच्या माद्रीनेला कोणी धर्म विचारत नाही. चर्चमध्ये तुम्ही बाकावर इतरांबरोबर बसा, उभे राहायचे तेव्हा उभ्या राहा, शेजारी शांतीच्या शुभेच्छा देत हात पुढे करतील तेव्हा हातात हात द्या. प्रसाद घ्यायला लोक रांगेने पुढे जातील, तेव्हा जागेवर बसून राहा. तो कॅथलिकांसाठीच असतो आणि तुम्ही बसून राहिलात म्हणून कोणाला वावगे वाटणार नाही. पैठणी नेसलात तर त्या घराला मनापासून आनंद होईल, मात्र मुलीच्या पोशाखाचा रंग आधी विचारून घ्या आणि तो रंग टाळा. प्रार्थनेला वेळेवर पोहोचा. जेवणाला सांगितलेल्या वेळेनंतर तासाभराने गेलात तरी सभागृहात तुमच्या आधी फारसे कोणी आलेले नसेल. शाकाहाराचे आधीच सांगून ठेवा, आणि 'मांस नको' एवढ्यावर थांबू नका. तिथे त्या शब्दांत कोंबडी येत नाही, भातात कोंबडीचे पाणी असू शकते आणि घोटलेल्या राजम्यात डुकराची चरबी.

पैसा आणि धर्म यांविषयी तुम्ही इतके विचारले आहे, परंतु पत्र पुन्हा वाचताना मला वाटले की तुमचे मन खरोखर अडले आहे ते काकांच्या मृत्यूपाशी. 2021च्या जानेवारीत मेक्सिकोवर महामारीचे फार मोठे संकट होते आणि त्या दिवसांत गेलेल्या असंख्य माणसांना नीट निरोपही देता आला नाही. एरवी घरात नऊ दिवस रोज प्रार्थना होते, शेजारीपाजारी येतात, कॉफी आणि गोड पाव वाटले जातात. त्या महिन्यात कित्येक घरांत हे माणसांविना झाले. तुम्ही त्या वेळी नव्हता याची खंत तुम्हाला आहे, पण तेव्हा कोणीच नव्हते, आणि म्हणून आज उशिरा आलेला शोकाचा शब्दसुद्धा तिथे उशिराचा ठरणार नाही. समारंभाचे उत्तर लिहिण्याआधी हा शब्द लिहा. त्याला 'पेसामे' म्हणतात, म्हणजे 'मला दुःख आहे'. छापील वाक्य लिहू नका; त्यांचे नाव घेऊन लिहा की ते दुपारच्या कॉफीबरोबर लाडू मागायचे आणि पुण्यात बेसन भाजताना मला ते आठवतात. हे खरे असेल तरच लिहा, आणि तुमच्या पत्रावरून ते खरे आहे असे मला वाटते.

योगायोगाने तुम्ही ऑक्टोबरमध्ये पोहोचता आहात. 1 नोव्हेंबर हा दिवस तिथे गेलेल्या लहान मुलांचा आणि 2 नोव्हेंबर हा गेलेल्या मोठ्या माणसांचा. घरोघरी 'ओफ्रेंदा' मांडतात. गेलेल्या माणसाचे छायाचित्र, मेणबत्ती, पाण्याचा पेला, मीठ, झेंडूच्या फुलांच्या राशी आणि त्या माणसाच्या आवडीचे पदार्थ. झेंडू मूळचा तिथलाच, तो आपल्या दसऱ्याला नंतर आला. पितृपंधरवड्यात गेलेल्याच्या आवडीची भाजी पानात वाढणाऱ्या घराला हे समजावून सांगण्याची गरज नाही. फरक एवढाच की तिथे त्या दिवशी हसूनखेळून आठवणी सांगतात आणि मुलेही त्यात असतात. आजीबाईंना विचारा, 'काकांच्या ओफ्रेंदावर मी बेसनलाडू ठेवू का?' इतके सुंदर मराठी उत्तर त्या निमंत्रणाला दुसरे नसेल.

माझ्याकडून झालेली एक चूक सांगते, ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून. सहा वर्षांनी परतल्यावर मी आधी कामे उरकायची ठरवली. तीस दिवसांच्या आत निवासाचे कार्ड करून घ्यायचे होते, बँकेचे खाते उघडायचे होते, भाड्याचे घर लावायचे होते. माझ्या जुन्या घरमालकीणबाईंकडे मी चार महिन्यांनी गेले. त्यांनी दार उघडले, 'के मिलाग्रो!', म्हणजे 'काय चमत्कार!', असे म्हणाल्या, गूळ आणि दालचिनी घातलेली कॉफी दिली आणि एका शब्दाने काही विचारले नाही. पुढे त्यांच्या लेकीकडून कळले की मी आल्याची बातमी त्यांना पहिल्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडून समजली होती, आणि त्यानंतर बरेच दिवस त्या संध्याकाळी दोघींपुरता गोड पाव आणून ठेवत असत. तेव्हा तुम्ही सामानाचे खोके उघडण्याआधी त्यांच्या घरी जा. दुपारी जा, कारण तिथले मुख्य जेवण दोन ते चारच्या दरम्यान होते, आणि जेवण झाल्यावर उठण्याची घाई करू नका. ताटे बाजूला सारून त्याच टेबलाशी तासन्तास बोलत बसणे हाच त्या भेटीचा मुख्य भाग असतो. घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळे भेटा, प्रत्येकाची नाव घेऊन चौकशी करा. पहिल्या भेटीत खर्चाचा विषय तुम्ही काढू नका. निघताना त्या डब्यात काहीतरी भरून देतील, त्याला 'इताकाते' म्हणतात. तो डबा रिकामा परत करू नका, हे तुम्हाला मी सांगायला नकोच.

शहर बदलले आहे, वस्ती आणि रहदारी वाढली आहे, जुनी घरभाडी आता मिळणार नाहीत. हे सर्व तुम्हाला तिथे गेल्यावर आठवड्याभरात कळेल, म्हणून त्यावर जागा घालवत नाही.

मुलीच्या आईला आज थोडक्यात लिहा: उत्तर द्यायला इतके दिवस लागले याची क्षमा मागते; वडिलांचे वाचून फार वाईट वाटले; मला आठवते, मी शब्द दिला होता आणि तो पाळायला मला आवडेल; आम्ही ऑक्टोबरमध्ये येतो आहोत; कशाची माद्रीना व्हायचे ते आईंना विचारून सांगा; आणि येत्या रविवारी मी आईंना फोन केला तर चालेल का? आजीबाईंशी बोलताना 'उस्तेद' वापरा, म्हणजे आपले 'तुम्ही'. आपणहून सांगा की, मी तुम्हाला फार एकटे टाकले. हे वाक्य तिथे नेहमीचे आहे आणि ते म्हणणाऱ्याला पुढे फारसे काही बोलावे लागत नाही. पुण्यात रविवारी रात्री साडेनऊ वाजता फोन करा, तेव्हा केरेतारोत सकाळचे दहा वाजलेले असतील. तुम्ही राहत होता तेव्हा उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करत. 2022च्या ऑक्टोबरपासून मेक्सिकोच्या बहुतेक भागांत ते बंद झाले आहे, त्यामुळे साडेअकरा तासांचे अंतर आता वर्षभर तेच राहते. फोन लावाल तेव्हा तुमच्या मुलीला शेजारी बसवून घ्या. तिची स्पॅनिश बरीचशी विसरली असेल आणि ती लाजेल, पण 'आबुएलिता' एवढे तिला म्हणता येईल. आधी तिलाच बोलू द्या.